मोबाईलची कबुलायत

मोबाईल महाग आहे की नाही, याविषयीचा वाद बहुधा दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या आकड्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. परंतु तो आकडा ही त्या व्यवहाराची केवळ पहिली ओळ असून, पुढील पाच-सात वर्षांत भरावे लागणारे साठवणीचे भाडे, दुरुस्तीची बिले, ॲपवाल्याकडून परस्पर कापून घेतली जाणारी दस्तुरी आणि एका कंपनीचा संसार मोडून दुसरीकडे मांडताना सोसावी लागणारी नुकसानी, या सर्वांची बेरीज झाल्यावाचून खरी किंमत हाती येत नाही, असे माझे अलीकडे ठाम मत झाले आहे. ते बनले ते माझ्या दोन परिचितांचा वाद ऐकता ऐकता. त्यांची खरी नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. एकांना आपण माधवराव म्हणू: महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, आणि नोकरीचा मोठा काळ अलिबाग-रोह्याकडे कूळकायद्याची प्रकरणे चालवण्यात घालवलेले. दुसऱ्या शरयूताई: पुण्याच्या एका पेठेत पतीच्या घड्याळांच्या दुकानाचे कालमानानुसार मोबाईलच्या दुकानात रूपांतर करून ते स्वतः चालवणाऱ्या. पहिले कायद्याचे आणि दुसऱ्या बाजाराच्या कैवारी असणार, हे त्यांच्या उपजीविकांवरून कोणीही ताडील; परंतु दोघेही अधूनमधून स्वतःच्याच पक्षाला अडचणीत आणतात, म्हणून हा वाद लिहून ठेवावासा वाटला.

माधवराव : परवा आपल्याकडे आलेल्या त्या गृहस्थांचा सवाल सरळ होता. आयफोन १६ बाजारात आला तेव्हा अमेरिकेत ७९९ डॉलरपासून मिळत असता येथे त्याचे ७९,९०० रुपये का मोजावे लागले? आपण त्यांना नुसते हसून वाटेला लावलेत.

शरयूताई : गल्ल्यावर बसून अर्थशास्त्र शिकवले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, माधवराव. पण तुम्ही विचारताच आहात तर ऐका. २०२४ च्या सप्टेंबरात तो फोन आला तेव्हा डॉलर सुमारे ८४ रुपयांना होता. म्हणजे ७९९ डॉलरचे झाले ६७,१०० रुपये. आता आपल्या ७९,९०० मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढा, ६७,७०० च्या आसपास उरतात. अमेरिकेतल्या भावात तिथला विक्रीकर धरलेला नसतो, तो बिलात वर चढतो. तेव्हा कंपनीने लुटले म्हणून ओरडायचेच असेल तर सहाशे रुपयांपुरते ओरडावे. बाकीची फिर्याद दिल्लीला पाठवावी. हा कर २०२० च्या मार्चअखेरपर्यंत १२ टक्के होता, १ एप्रिलपासून १८ झाला.

माधवराव : हिशेब बिनचूक आहे आणि सोयीचाही आहे, कारण आपण खालच्या पायरीचा फोन निवडलात. त्याच वर्षीचा १६ प्रो घ्या. ९९९ डॉलर म्हणजे सुमारे ८३,९०० रुपये; येथील तेव्हाची किंमत १,१९,९००, कर वजा जाता १,०१,६००. हे मधले सतरा हजार सातशे कोणाच्या खाती जमा धरावयाचे?

शरयूताई : जकात म्हणाल तर बाहेरून येणाऱ्या तयार फोनवर ती २०१८ पासून २० टक्के होती, २०२४ च्या जुलैतल्या अंदाजपत्रकाने १५ वर आणली. पण सगळे जकातीवर ढकलून मी मोकळी होणार नाही. प्रो मागणारा माणूस भावासाठी अडून बसत नाही, हे मला कळते तसे कंपनीलाही कळते. साध्या १६ मध्ये १२८ ऐवजी २५६ जीबी हवी म्हटले की तेव्हा दहा हजार चढत. तेवढ्या साठवणीला दहा हजार खर्च येतो असे मानणारा मला अजून भेटायचा आहे, आणि तरी २५६ मागणारे रोज येतात.

माधवराव : आणि ते दहा हजार हप्त्यांत विरघळवून देण्याची कला आपणच त्यांना दाखवता. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणावयाचे, व्याजाएवढी सूट आधी दाखवायची, व्याज नंतर लावायचे, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के कर मात्र निमूटपणे गिऱ्हाइकाच्या कार्डावर पडू द्यायचा.

शरयूताई : पडतो खरा. मी विचारणाऱ्याला सांगते. विचारतात फार थोडे.

किमतीचा हा अध्याय येथे संपला असता तरी चालले असते. पण माधवरावांच्या मनात सलत होते ते निराळेच, आणि ते बोलू लागले तेव्हा त्यांच्या बोलण्याला कचेरीतल्या जुन्या दप्तराचा वास येऊ लागला. ते तसेच्या तसे देतो.

माधवराव : माझी बरीच वर्षे जुन्या कबुलायती वाचण्यात गेली, शरयूताई. कुळाने खोताला लिहून द्यावयाची ती कबुलायत. तीत जमिनीचे वर्णन, खंडाचा दर आणि मुदत इतके तरी स्पष्ट असे, आणि अंगठा उठवण्यापूर्वी ती कोणीतरी वाचून दाखवीत असे. आज नवा फोन सुरू करताना ‘मान्य आहे’ या शब्दांवर आपण जे बोट टेकवतो, त्यामागील दस्तऐवज कोणी वाचत नाही, कोणी वाचून दाखवीत नाही, आणि त्यात नेमके एवढेच लिहिलेले असते की यंत्र तुमचे असले तरी ते ज्या प्रणालीवर चालते ती तुम्हांस केवळ वापरावयास दिली आहे. जमीन कुळाच्या कष्टाची आणि नाव सातबाऱ्यावर दुसऱ्याचे, हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला. म्हणून तो काचेच्या पाटीवर पुन्हा दिसताच मला ओळखता आला. बरे, खंड तरी कोणता? ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर ३० टक्के दस्तुरी. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या लहान विक्रेत्याला ॲपलने २०२१ पासून ती १५ टक्के केली, ही मेहेरबानी. आणि ही दस्तुरी ॲपवाला आपल्या पदरचा घास काढून देतो, असा जर कोणाचा समज असेल तर त्याने खंड वाढल्यावर भाताचा भाव काय होतो ते आठवावे. अलिबागेकडील चरी आणि आसपासच्या गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. खोती नष्ट करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९४९ साली झाला. मधल्या काळात कोणी त्यांना असे म्हणाले नाही की, शर्ती पसंत नसतील तर दुसरे गाव पाहा.

शरयूताई : म्हणाले असतील, तुमच्या दप्तरात ते नोंदलेले नसेल. पण तुमच्या कुळाला खरोखरच दुसरी जमीन नव्हती. माझ्या काउंटरवर आठ हजारांपासून दीड लाखापर्यंत सगळे मांडलेले आहे, आणि माणूस हातात घेऊन, कॅमेरा उघडून, बायकोला फोटो पाठवून मग ठरवतो. कूळकायद्याचे म्हणाल, तर माझ्या आजीची बाजूही ऐकून घ्या. तिशीत विधवा झालेली बाई. स्वतः नांगर धरता येत नाही म्हणून दोन एकर खंडाने दिलेली. शेवटी तिची जमीनही शंभर एकरांच्या खोताच्या जमिनीसारखीच कुळाच्या नावे झाली. त्या कुळावर माझा राग नाही. पण मोठ्यांना वेसण घालायला केलेला कायदा पहिल्यांदा कोणाच्या नाकात जातो, हे मी घरात पाहिले आहे. आणि आज दस्तुरीविरुद्ध कोर्टात गेले कोण? एपिक. फोर्टनाइट नावाच्या खेळावर अब्जावधी कमावणारी कंपनी. ती काही चरीचे शेतकरी नव्हेत.

माधवराव : फिर्यादी श्रीमंत आहे म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. २०२० च्या ऑगस्टात त्या कंपनीने वेगळ्या मार्गाने पैसे घेण्यास आरंभ केला, ॲपलने तिचा खेळ दुकानातून काढून टाकला, आणि कॅलिफोर्नियातील न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये बहुतेक मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूने निकाल दिला, हे मी नाकारीत नाही. मात्र एक हुकूम त्यांनी ॲपलविरुद्धही दिला: बाहेर स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला सांगण्यास विक्रेत्याला मनाई करता येणार नाही. त्यावर ॲपलने काय तजवीज केली? बाहेरच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर २७ टक्के मागितले. तिसांच्या ठिकाणी सत्तावीस! हुकमाचे अक्षर पाळावे आणि आशय बुडवावा, ही विद्या आमच्या वतनदारांनाही इतकी साधली नव्हती. २०२५ च्या एप्रिलात त्याच न्यायाधीशांनी हा अवमान ठरवला. आणि हे काही केवळ ॲपलचे नाही. गूगलने आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाचा हुकूम झाल्यानंतर दुसऱ्या मार्गाने पैसे घेण्याची मुभा दिली, पण त्या मार्गाने गेल्यास दस्तुरीत सूट किती? चार टक्के.

शरयूताई : आयोगाने मोठा दंड ठोठावला होता ना? तो पेपरात पाहिला तेव्हा वाटले, आता काहीतरी स्वस्त होईल. माझ्या दुकानात एका पैशाचा फरक पडलेला मला दिसला नाही.

माधवराव : २०२२ च्या ऑक्टोबरात दोन दंड झाले. अँड्रॉइडवरील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,३३७.७६ कोटी, आणि प्ले स्टोअरच्या बिलपद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी. पहिला अपिलात कायम राहिला, पण आयोगाने घातलेल्या दहा बंधनांपैकी चार उडाली. दुसरा २०२५ मध्ये कमी होऊन २१६.६९ कोटींवर आला. आपण म्हणता तसे दंडाने भाव उतरत नाहीत, हे खरे. परंतु २०२४ च्या १ मार्चला काय झाले ते आठवा. दस्तुरी न भरल्याच्या कारणावरून गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲपे दुकानातून उतरवली. त्यांत नोकऱ्या शोधून देणारी होती, लग्ने जुळवणारी होती. मंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. ज्याच्या एका शिपायाने ओसरीचे दार लावले की दहा घरांचे व्यवहार बंद पडतात, तो नुसता दुकानदार कसा?

शरयूताई : दार लावणारा शिपाई असतो म्हणून चोर आत येत नाही, हेही म्हणा की. आठवड्यातून एखादा तरी माणूस माझ्याकडे रडवेला होऊन येतो. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नाहीतर ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल आलेली असते. बोट लागते, परवानगी दिली जाते, ओटीपी परस्पर पळतात आणि खाते रिकामे होते. हे सगळे अँड्रॉइडवर होते, कारण अँड्रॉइडचे दार बाहेरून उघडता येते. आयफोनवर ती फाइल नुसती पडून राहते, चालतच नाही. म्हाताऱ्या आईबापांसाठी फोन घ्यायला आलेल्या मुलांना मी याच कारणाने जुन्या मॉडेलचा का होईना, आयफोन सुचवते. बंद वाडा म्हणून तुम्ही ज्याला नावे ठेवता, त्याचेच ते पैसे देतात. युरोपने कायदा करून तो वाडा उघडायला लावला, २०२४ च्या मार्चपासून तिथे आयफोनवर दुसऱ्यांची दुकाने चालतात. आणि त्याच कायद्याची सबब सांगून ॲपलने तिथल्या लोकांना काही नव्या सोयी उशिरा दिल्या, फोनचा पडदा संगणकावर दाखवण्याची सोय तर अडवूनच धरली. कायदा झाला लोकांसाठी, आणि वंचित राहिले तेही लोकच.

माधवराव : वंचित कोणी ठेवले, कायद्याने की रुसलेल्या मालकाने?

शरयूताई : गिऱ्हाइकाला त्याने काय फरक पडतो? आणि माधवराव, जो सरकारी हात कंपनीकडून दार उघडून घेऊ शकतो तो स्वतःही आत येऊ शकतो, हे विसरू नका. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार खात्याने फर्मान काढले की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीपासून घातलेले असलेच पाहिजे. मुदत नव्वद दिवस. चोरीचा फोन शोधायला ते ॲप चांगले आहे, मी स्वतः लोकांना ते घालून देते. पण ‘घालून देते’ आणि ‘घातलेलेच असणार’ यांत काही अंतर आहे की नाही?

या ठिकाणी माधवराव थोडा वेळ गप्प राहिले, आणि माझ्या मते त्यांनी राहायलाच हवे होते. ओरड झाल्यावर ते फर्मान ३ डिसेंबरला मागे घेतले गेले खरे. परंतु गूगलने आपली ॲपे फोनमध्ये आधीच भरण्याची सक्ती करू नये असे सांगणाऱ्या देशात, तीन वर्षांनी शासनाने स्वतःचे ॲप भरून पाठवण्यास सांगावे, यातील विसंगती सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला कोणी उलगडून सांगावी लागत नाही. ते बोलले तेव्हा त्यांनी बचाव न करता बाजू बदलली.

माधवराव : त्या फर्मानाला मीही हरकत घेतली असती. म्हणूनच मला शासनाने फोनमध्ये काही घालावे असे वाटत नाही. त्याने बाहेर पडण्याची वाट तेवढी मोकळी ठेवावी. युरोपने चार्जरचे छिद्र एकच ठरवले, २०२४ च्या २८ डिसेंबरपासून टाइप-सी सक्तीचे केले. ॲपलने तक्रारी केल्या आणि अंमल सुरू होण्याच्या वर्षभर आधीच आयफोन १५ ला तेच छिद्र दिले. आपल्या दुकानातला दोन प्रकारच्या वायरींचा गुंता त्याने सुटला की नाही?

शरयूताई : सुटला. तेवढा एक कायदा मला आवडला. दुरुस्तीचाही एखादा आला तर तोही आवडेल. बाहेरून फोल्डर, म्हणजे पडदा, बदलला की आयफोन ‘अज्ञात भाग’ म्हणून सेटिंगमध्ये लिहून ठेवतो, आणि पुढे तो फोन जुन्यात विकायला आणणाऱ्याला मला हजारो रुपये कमी सांगावे लागतात. पडदा चांगला असतो, दिसतो स्वच्छ, बोट ओळखतो. फक्त त्या ओळीमुळे भाव पडतो.

माधवराव : मग आपण माझ्याच बाजूच्या झालात. आता नंबर पोर्ट करण्याचे उदाहरण घ्या. पूर्वी कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा, आणि नंबर बदलायचा म्हणजे साऱ्या गोतावळ्याला कळवत बसायचे. त्या भयाने लोक वाईट सेवा सोशीत राहत. २०१० च्या नोव्हेंबरात हरयाणात आणि २०११ च्या २० जानेवारीपासून देशभर, १९ रुपयांत आणि १९०० वर एक संदेश पाठवून, नंबर घेऊन निघून जाण्याचा हक्क मिळाला. सरकारने भाव ठरवला नाही, कोणाचे दुकान फोडले नाही, ॲप घातले नाही. गिऱ्हाईक निघून जाऊ शकते, एवढेच कंपन्यांच्या ध्यानात आणून दिले. तेच फोटोंचे, संदेशांचे, विकत घेतलेल्या ॲपांचे का होऊ नये?

शरयूताई : नंबर दहा आकड्यांचा असतो, माधवराव. संसार तसा नसतो. माझ्याकडे अँड्रॉइड सोडून आयफोन घेणारा येतो तेव्हा दोन्ही फोन चार्जिंगला लावून, शेजारी शेजारी ठेवून मी त्याला सांगते, चहा पिऊन या, जेवून आलात तरी चालेल. फोटो जातात, नंबर जातात. व्हॉट्सॲपचे जुने बोलणे अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायची अधिकृत सोयच २०२२ पर्यंत नव्हती. पैसे देऊन घेतलेली ॲपे तर जातच नाहीत, ती तिकडे पुन्हा विकत घ्यायची. उलट्या दिशेने जाणाऱ्याचे ॲपल वॉच त्याच दिवशी नुसता पट्टा होऊन बसते, ते अँड्रॉइडशी बोलत नाही. आणि समजा, तुम्ही कायद्याने हे सगळे सुरळीत केलेत. पण निघून जायचे कुठे? विंडोज फोन गेला, ब्लॅकबेरी गेला, दोनच उरले. तुमच्या नंबरांच्या कंपन्यांचेही तेच झाले. डझनभर होत्या त्या तीन-चारांवर आल्या, आणि २०२४ च्या जुलैत जिओ, एअरटेल, व्हीआय या तिघांनी पाठोपाठ दर ११ पासून २५ टक्क्यांपर्यंत वाढवले. दार उघडेच होते की!

माधवराव : होते, म्हणून तर त्या महिन्यात लाखो लोक बीएसएनएलकडे गेले. नेटवर्क मिळत नाही हे ठाऊक असूनही गेले.

शरयूताई : आणि त्यांतले किती परत आले तेही मी सांगू शकेन, सिमकार्डे मीच विकते.

माधवराव : परत येता आले, हेदेखील त्याच हक्कामुळे. बरे, हे राहू द्या. नात दहावी झाली, तिला फोन घेऊन द्यायचा आहे. मी अंदाजे किती रक्कम धरून चालू?

शरयूताई : रकमेचे नंतर बघू. आधी सांगा, घरात बाकीच्यांकडे कोणता आहे?

माधवराव : सुनेकडे आयफोन, मुलाकडे अँड्रॉइड.

शरयूताई : मग पोरगी कोणाच्या फोनवर जास्त असते ते विचारून या, आणि येताना तिलाच घेऊन या.